सही करण्याआधी: इंजिनिअरने शंका कागदावर कशी आणावी

व्यावसायिक नीतिमत्तेची चर्चा बहुतेक वेळा एकाच क्षणाभोवती फिरते. वरिष्ठ म्हणतात सही कर, मन म्हणतं नको. खरं तर तो क्षण येतो तेव्हा बराच उशीर झालेला असतो. त्याआधी कित्येक आठवडे तीच शंका जिन्यात बोलली गेलेली असते, फोनवर कुणाच्या कानावर घातलेली असते, आणि नोंद मात्र कुठेच नसते. शेवटच्या दिवशी कामाचा सगळा रेटा सहीच्या बाजूने असतो आणि तुमच्या हातात एक कागदही नसतो.

म्हणून इथे भर त्या आधीच्या दिवसांवर आहे. शंका आली की ती आकड्यासकट आणि तारखेसकट कशी लिहायची, कुणाकडे पाठवायची, उत्तर आलं नाही तर पुढे काय करायचं, आणि चूक आपलीच निघाली तर काय करायचं, ते पाहू.

सही कशावर करतोय ते आधी ठरवा

ड्रॉइंगच्या कोपऱ्यात साधारण तीन रकाने असतात: तयार केलं, तपासलं, मंजूर केलं. हे तीन वेगवेगळे शब्द आहेत आणि तिन्हींची जबाबदारी वेगळी आहे. ‘तपासलं’ या रकान्यात सही करणाऱ्याने गणित स्वतः पुन्हा केलेलं असायला हवं, निदान जिथे भार एका भागातून दुसऱ्या भागात जातो तेवढ्या सांध्यांचं तरी. दुसऱ्याचं गणित नुसतं वाचून काढणं म्हणजे तपासणी नव्हे. वाचताना माणूस लिहिणाऱ्याच्याच वाटेने जातो आणि त्याच्याच खड्ड्यात पडतो. आधी उत्तर झाकून ठेवा, स्वतःचा ढोबळ अंदाज काढा, मग दोन्ही ताडून पाहा. दोन्हींत दुपटीचा फरक दिसला तर दोघांपैकी एकाचं गृहीतक चुकलंय. ते सापडेपर्यंत रकाना कोरा ठेवा.

सही करण्याआधी स्वतःला चार प्रश्न विचारा. हे काम माझ्या विषयातलं आहे का? मी पाहिलेली प्रत सगळ्यात ताजी आहे का, तिचा क्रमांक आणि तारीख काय? यातली कोणती गृहीतकं मी तपासली आणि कोणती दुसऱ्यावर विश्वास ठेवून घेतली? हा एकच भाग निकामी झाला तर त्याच्यामागे दुसरा आधार आहे का?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सहीशेजारीच लिहा: ‘मातीच्या अहवालातले आकडे जसेच्या तसे घेतले आहेत, स्वतंत्र पडताळणी केलेली नाही.’ या एका ओळीने तुमची जबाबदारी कमी होत नाही. पण पुढच्या माणसाला कुठे बघायचं ते कळतं, आणि तेच महत्त्वाचं आहे.

‘किरकोळ बदल’ हे शब्द ऐकले की थांबा

१७ जुलै १९८१ रोजी अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत हायट रीजन्सी हॉटेलमधले, लॉबीच्या वर टांगलेले दोन पादचारी पूल कोसळले. ११४ माणसं गेली. त्यातला सांधा जवळून बघण्यासारखा आहे.

मूळ ड्रॉइंगमध्ये छतापासून एकच सलग सळई खाली येत होती. ती चौथ्या मजल्याच्या पुलाच्या तुळईतून आरपार जाऊन दुसऱ्या मजल्याच्या पुलापर्यंत पोहोचत होती. प्रत्येक तुळई आपापल्या नटावर टेकलेली, म्हणजे चौथ्या मजल्याच्या नटावर फक्त चौथ्या मजल्याचा भार. पण त्यासाठी लांबलचक सळईला मध्यापर्यंत आटे पाडायला हवे होते आणि ते काम किचकट होतं. म्हणून एका सळईच्या दोन केल्या. वरची सळई चौथ्या मजल्याच्या तुळईखाली संपली आणि खालची त्याच तुळईला शेजारी भोक पाडून टांगली. कागदावर दोन्ही रचना जवळपास सारख्याच दिसतात. पण आता खालचा पूल सळईऐवजी वरच्या तुळईला लटकला होता, आणि वरच्या तुळईखालच्या त्याच नटावर एका पुलाऐवजी दोन्ही पुलांचा भार आला. तुळई म्हणजे दोन चॅनेल (पन्हळीसारख्या आकाराचे पोलादी दांडे) तोंडाला तोंड लावून वेल्ड केलेली पेटी, आणि भोक नेमकं त्या वेल्डवर. नट तिथून आरपार ओढला गेला. चौकशीत आणखी एक गोष्ट निघाली: मूळ सांध्याची ताकदसुद्धा नियमाने लागणाऱ्या ताकदीच्या सुमारे ६० टक्केच होती. बदलानंतर ती ३० टक्क्यांवर आली.

बदलाला फोनवर मंजुरी मिळाल्याचं फॅब्रिकेटरने, म्हणजे पोलादी भाग बनवणाऱ्या कंपनीने, सांगितलं. तसा फोन झाल्याचं इंजिनिअरांनी नाकारलं. त्या ड्रॉइंगवर मात्र त्यांच्या कार्यालयाचा शिक्का होता. पुढे जबाबदार इंजिनिअरांचे मिसूरी राज्यातले परवाने गेले.

यावरून रोजच्या कामासाठी एक पद्धत घ्या. साइटवरून किंवा कारखान्यातून बदलाची विचारणा आली की, मग ती बोल्टच्या मापाची का असेना, फोनवर ‘चालेल’ म्हणू नका. ‘लेखी पाठवा, आज संध्याकाळपर्यंत उत्तर देतो’ एवढंच म्हणा. विचारणा आली की त्या सांध्याचं साधं चित्र हाताने काढा. भार कुठून येतो आणि कुठे जातो याचे बाण आधीच्या रचनेसाठी काढा, मग नव्या रचनेसाठी काढा. बाणांची वाट बदलली असेल तर तो बदल किरकोळ नाही, गणित पहिल्यापासून करावं लागेल. हे चित्र काढायला दहा मिनिटं लागतात. ते विचारणेसोबत फाइलला लावा आणि ड्रॉइंगची नवी आवृत्ती काढल्याशिवाय होकार देऊ नका.

सॉफ्टवेअर आणि यंत्रांमध्येही हेच होतं, फक्त बाण दिसत नाहीत. थेरॅक-२५ या किरणोपचार यंत्रात आधीच्या मॉडेलमधली हार्डवेअरची सुरक्षा-कुलपं काढून त्यांचं काम सॉफ्टवेअरवर सोपवलं होतं. १९८५ ते १९८७ या काळात किमान सहा रुग्णांना प्रचंड जादा मात्रा बसली. तसाच दोष आधीच्या मॉडेलच्या सॉफ्टवेअरमध्येही होता, पण तिथे हार्डवेअर आडवं येत असल्यामुळे तो कुणाच्या जिवावर बेतला नव्हता. जुनी रचना नव्या यंत्रात आणताना ‘काय वाढवलं’ याची यादी सगळेच करतात. ‘काय काढलं आणि ते कशापासून वाचवत होतं’ ही यादी तुम्ही करा.

शंका लिहायची कशी

शंकेचा कागद एका पानाचा असावा. त्यात या गोष्टी याच क्रमाने याव्यात: काय पाहिलं, कुठे आणि कधी, मोजलेला आकडा, तो किती असायला हवा आणि हे कुठे लिहिलंय, तसंच पुढे गेलो तर काय होऊ शकतं, माझी शिफारस, कुणी आणि कधीपर्यंत निर्णय घ्यायचा.

समजा स्लॅबचं सेंट्रिंग (खालचा तात्पुरता आधार) काढायची घाई चालली आहे आणि क्यूबचे, म्हणजे काँक्रीटच्या नमुना-ठोकळ्यांचे, निकाल कमी आले आहेत. बहुतेकांच्या हातून जातो तो मेल असा असतो: ‘स्लॅबच्या निकालांबद्दल थोडी काळजी वाटते, कृपया बघावं ही विनंती.’ यात आकडा नाही, मर्यादा नाही, तारीख नाही. वाचणारा ‘बघतो’ म्हणतो आणि विषय तिथेच संपतो. तोच मेल असा लिहा:

‘विषय: तिसऱ्या मजल्याचा स्लॅब, ब भाग. सेंट्रिंग उद्या काढू नये.
सात दिवसांच्या तीन क्यूबची ताकद १२.८, १३.४ आणि १३.१ मेगापास्कल आली, सरासरी १३.१. ड्रॉइंगवरच्या टीप क्रमांक ६ प्रमाणे आधार काढण्याआधी किमान २१ मेगापास्कल हवेत. या ताकदीवर टेकू काढले तर स्लॅब वाकण्याचा, तडे जाण्याचा आणि वर साहित्य ठेवलेलं असल्यास कोसळण्याचा धोका आहे. खालच्या मजल्यावर सध्या माणसं काम करत आहेत.
शिफारस: सर्व टेकू जागेवर ठेवावेत, वरचं साहित्य हलवावं, स्लॅबखालचं काम थांबवावं, चौदा दिवसांचे क्यूब तपासावेत आणि तेही कमी आले तर तपासणीसाठी स्लॅबमधून कोअर (दंडगोल नमुने) काढावेत.
सेंट्रिंग उद्या सकाळी ८ वाजता काढायचं ठरलं आहे. त्यामुळे आज संध्याकाळी ५ पर्यंत आपला लेखी निर्णय हवा. तोपर्यंत काम थांबवण्याची सूचना मी साइटला दिली आहे.’

या मेलमध्ये कुणावर आरोप नाही, हे लक्षात घ्या. काँक्रीट कमी ताकदीचं का निघालं, पाणी कुणी वाढवलं, हा वेगळ्या पत्राचा विषय. दोन्ही एकत्र केले की वाचणारा आधी स्वतःचा बचाव करू लागतो आणि टेकू निघून जातात.

जोरकस शब्द वापरावेत का? धोका जिवाचा असेल तर ‘मृत्यू’ हा शब्द टाळू नका. ३१ जुलै १९८५ रोजी रॉजर बॉइजोली या इंजिनिअरने आपल्या कंपनीच्या उपाध्यक्षांना पाठवलेल्या मेमोत स्पष्ट लिहिलं होतं की रॉकेटच्या सांध्यातल्या ओ-रिंगचा (सांधा बंद ठेवणाऱ्या रबरी कड्यांचा) प्रश्न तातडीने सोडवला नाही तर माणसं मरतील. त्यांनी भाग कोणता ते सांगितलं, तो कसा निकामी होईल ते सांगितलं आणि पूर्णवेळ काम करणारा गट नेमा अशी मागणी केली. मेमो म्हणून तो आजही नमुना ठरावा असा आहे. तरीही सहा महिन्यांनी, २८ जानेवारी १९८६ रोजी, त्याच सांध्याच्या बिघाडाने चॅलेंजर अंतराळयान सात अंतराळवीरांसह नष्ट झालं. चांगला मेमो पुरेसा पडला नाही, आणि का पडला नाही तेही शिकण्यासारखं आहे.

निकाल दाखवताना काहीच वगळू नका

चॅलेंजरच्या उड्डाणाच्या आदल्या रात्री नासासोबत झालेल्या दूरध्वनी बैठकीत वाद तापमानावर होता. कंपनीच्या इंजिनिअरांचं म्हणणं होतं की ५३ अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे १२ अंश सेल्सिअसच्या खाली उड्डाण करू नये. नंतरच्या अध्यक्षीय चौकशी आयोगाने दाखवून दिलं की फक्त नुकसान झालेली उड्डाणं पाहिली तर तापमानाशी संबंध दिसत नाही. नुकसान न झालेली उड्डाणंही मांडली की चित्र बदलतं. ६६ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून उबदार अशा २० उड्डाणांत ओ-रिंगला इजा झाल्याच्या फक्त ३ घटना, आणि ६३ किंवा त्याखालच्या चारही उड्डाणांत इजा.

तेव्हा आलेख काढताना बिघाड झालेले आणि न झालेले, दोन्ही प्रकारचे सगळे बिंदू मांडा. एखादा निकाल खटकतो म्हणून गाळायचा असेल तर आलेखावर तो पोकळ वर्तुळाने दाखवा आणि खाली कारण लिहा: नमुना तुटलेला होता, उपकरणाची तपासणी मुदतबाह्य होती, असं काहीतरी ठोस. ‘इतरांशी जुळत नाही’ हे कारण होऊ शकत नाही. आणि आज ज्या परिस्थितीत काम करायचं आहे ती आलेखावर कुठे पडते तेही खुणेने दाखवा. अनुभवाच्या कक्षेबाहेर किती लांब चाललोय, हे मग शब्दांशिवाय दिसतं.

बैठकीत विचारायचा एकच प्रश्न

त्या रात्री कंपनीने आधी ‘उड्डाण नको’ अशी शिफारस केली होती. मग व्यवस्थापनाने फोन म्यूट करून आपसात बोलायला पाच मिनिटं मागितली, ती अर्ध्या तासावर गेली, आणि परत फोनवर आल्यावर शिफारस उलटी झालेली होती. त्या चर्चेत शेवटचं मत चार व्यवस्थापकांचं घेतलं गेलं, आक्षेप घेणाऱ्या इंजिनिअरांचं नाही. ॲलन मॅकडोनाल्ड या वरिष्ठ इंजिनिअरने उड्डाणाच्या शिफारशीवर सही करायला नकार दिला, म्हणून ती सही दुसऱ्याने केली.

अशा बैठकीत इंजिनिअरला नकळत उलट्या बाजूला उभं केलं जातं. ‘सुरक्षित आहे हे दाखवा’ ही नेहमीची अट बाजूला पडते आणि ‘धोकादायक आहे हे सिद्ध करा’ अशी मागणी होते. हे होताना दिसलं की शांतपणे, स्पष्ट शब्दांत सांगा: पुरावा देण्याची जबाबदारी पुढे जाऊ इच्छिणाऱ्याची आहे. आणि निर्णय फिरला तर विचारा: ‘आधीच्या निर्णयानंतर कोणती नवी चाचणी किंवा नवं गणित समोर आलं?’ उत्तर काहीही असो, ते बैठकीच्या इतिवृत्तात शब्दशः आणा. नवं काही नसेल तर ‘नवी माहिती नाही’ असं आणा. इतिवृत्त दुसरं कुणी लिहीत असेल तर बैठक संपल्यावर तासाभरात स्वतः मेल टाका: ‘माझा आक्षेप असा होता, निर्णय असा झाला, तो या पदावरच्या व्यक्तीने घेतला.’ चुकीचं असेल तर दुरुस्त करा, असंही त्यात लिहा.

सहीला नकार देण्याचा अधिकार तुम्हाला नेहमीच आहे. नकाराचं वाक्य छोटं ठेवा: ‘या आकड्यांवर मी सही करू शकत नाही. अमुक चाचणीचा निकाल आला तर पुन्हा पाहीन.’ दुसरा भाग विसरू नका. त्यामुळे तुमचा नकार हट्ट न राहता अट होतो, आणि अट पूर्ण करता येते.

थांबण्याची सूचना थेट साइटवर पोहोचली पाहिजे

कॅनडातल्या क्विबेक पुलाची गोष्ट प्रत्येक साइट इंजिनिअरला माहीत असावी. ऑगस्ट १९०७ मध्ये पुलाच्या दाब सोसणाऱ्या खालच्या भागांमध्ये वाक दिसू लागला. एका भागाचा वाक थोड्याच दिवसांत पाऊण इंचावरून सव्वादोन इंचांवर गेला. साइटवर वाद झाला की हा वाक बसवण्याआधीपासूनच होता. तरुण इंजिनिअर नॉर्मन मॅक्लूर न्यूयॉर्कला जाऊन सल्लागार थिओडोर कूपर यांना भेटले. कूपरनी पुलावर आणखी भार चढवू नका अशी तार केली, पण ती कंपनीच्या कारखान्याला केली, साइटला नाही. काम चालू राहिलं. २९ ऑगस्टच्या संध्याकाळी पूल पडला आणि ७५ कामगार गेले.

दोन गोष्टी इथून उचला. वाक, तडा, गळती, कंप, काहीही खटकलं की त्याच जागी त्याच साधनाने रोज मोजा आणि तारीख-वेळेसह लिहा. सोबत पट्टी धरून फोटो काढा. ‘आधीपासून होतं’ या म्हणण्याला दोन तारखांचे दोन आकडे हेच उत्तर असतं. दुसरी गोष्ट: थांबण्याची सूचना आधी त्या माणसाला द्या ज्याच्या हातात स्विच किंवा क्रेन आहे, कार्यालयाला नंतर. तोंडी सूचना दिली तर समोरच्याकडून परत वदवून घ्या आणि त्याच दिवशी लेखी पाठवा.

किती वेळ थांबायचं? जिवाला तात्काळ धोका असेल तर अजिबात नाही. आधी काम थांबवा, मग परवानगीचं बघू. धोका काही दिवसांवर असेल तर लेखी उत्तरासाठी एक दिवस द्या, मग त्याच मेलची साखळी एक पायरी वर पाठवा आणि तुमच्या लगतच्या वरिष्ठांना तसं कळवा. त्यांच्या पाठीमागून जाऊ नका. बाकीच्या शंकांसाठी आठवडा पुरतो. उत्तर आलं नाही याचा अर्थ होकार असा लावू नका.

चूक आपलीच निघाली तर

हे सगळ्यात अवघड. १९७८ मध्ये न्यूयॉर्कच्या ५९ मजली सिटीकॉर्प इमारतीचे इंजिनिअर विल्यम लेमेझर यांना इमारत वापरात आल्यावर कळलं की कोपऱ्यावर तिरपा येणारा वारा आणि वेल्डऐवजी बोल्टने केलेले सांधे, ही जोडी धोकादायक आहे. त्यांनी गणित पुन्हा केलं, मालकांना स्वतःहून सांगितलं, आणि त्या शरद ऋतूपर्यंत दोनशेहून अधिक सांध्यांवर सुमारे दोन इंच जाडीच्या पट्ट्या रात्रपाळीत वेल्ड झाल्या. इतकं अनुकरणीय आहे. पण आसपास राहणाऱ्यांना आणि आत काम करणाऱ्यांना खरा धोका सांगितला गेला नाही. ते जगापुढे आलं १९९५ मध्ये. हा दुसरा भाग अनुकरणीय नाही, असं आमचं स्पष्ट मत आहे. ज्यांच्या डोक्यावर छप्पर आहे त्यांना माहिती मिळालीच पाहिजे.

आपली चूक सापडली की पहिल्या दिवशी एवढं करा. जुनं गणित आहे तसं जपून ठेवा, एकही आकडा खोडू नका. नव्या गणितावर आजची तारीख घाला आणि त्या विषयातल्या, या प्रकल्पाशी संबंध नसलेल्या एका सहकाऱ्याकडून तपासून घ्या. त्याच दिवशी वरिष्ठांना आणि मालकाला कळवा, सोबत तात्पुरता उपाय सांगा: भार कमी करणं, वापर थांबवणं, जागा रिकामी करणं. मग हीच पद्धत आणखी कोणत्या कामांत वापरली होती त्याची यादी काढा. ही यादी लोक विसरतात, आणि तीच चूक दुसरीकडे तशीच उभी राहते.

संस्थेबाहेर जावं लागलं तर

बहुतेक व्यावसायिक आचारसंहितांमध्ये लोकांची सुरक्षितता मालकाच्या हितापेक्षा वर धरली आहे, आणि कायद्याने किंवा संहितेने भाग पाडलं तर गोपनीयतेला अपवादही आहे. तरीही हे पाऊल शेवटचं. हानी गंभीर असावी, आतले सगळे दरवाजे लेखी ठोठावून झालेले असावेत, आणि तिऱ्हाईत इंजिनिअरला पटेल इतका पुरावा हाती असावा. आतली वाट वापरली तर पुरावाच नष्ट होईल अशी ठोस शंका असेल, तर मात्र तिची वाट पाहत बसू नये.

जाण्याआधी वकिलाचा सल्ला घ्या. कागदपत्रं बाहेर नेण्याचे आणि तक्रारदाराच्या संरक्षणाचे नियम देशागणिक बदलतात. आधी नियामक संस्थेकडे जा, माध्यमांकडे नाही. स्वतः पाहिलेलं आणि ऐकलेलं वेगळं लिहा. आणि ‘वरून आदेश होता’ हा बचाव टिकत नाही, हे ध्यानात ठेवा: फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांमध्ये चाचणी ओळखून प्रदूषण लपवणारं सॉफ्टवेअर २०१५ मध्ये उघड झालं आणि त्या कामातल्या एका इंजिनिअरला २०१७ मध्ये अमेरिकेत ४० महिन्यांची कैद झाली.

शंका मिटली तरी कागद बंद करावा लागतो. निकाल चांगला आला, तुमची भीती चुकीची ठरली, तर त्याच मेलच्या साखळीत तसं लिहा आणि कोणत्या आकड्यावरून ते पटलं तेही लिहा. पुढच्या वेळी तुमचा आक्षेप लोक जास्त गांभीर्याने घेतात. बदली झाली किंवा नोकरी सोडली तर उघड्या शंकांची यादी पुढच्या माणसाच्या हाती द्या: प्रत्येकीचा विषय, शेवटचा मेल कुणाला गेला, उत्तर कधी अपेक्षित आहे. त्याची पोच घ्या, आणि कारखान्यात किंवा साइटवर त्याला एकदा सोबत नेऊन तो सांधा, तो तडा, तो व्हॉल्व्ह बोटाने दाखवा.